आठव्या खुनातली म्हैस

मनुष्यजातीचे दोनच वर्ग पडतात: ज्यांनी खून केला आहे ते आणि ज्यांनी त्याविषयी वाचले आहे ते, बाकी धर्म, जाती, पक्ष आणि पगाराच्या श्रेण्या ही सगळी वरवरची रंगरंगोटी आहे. हा सिद्धांत कमलाकरराव पिंपळखुटे यांना सुचला तेव्हा ते पुसदच्या आपल्या घरामागे न्हाणीपाशी उकिडवे बसून राखुंडीने दात घासत होते. त्यामुळे तो बोलून दाखवायचा तर आधी थुंकणे भाग होते, आणि थुंकून होईपर्यंत सिद्धांताची धार गेली. "काही म्हणालात का?" रत्नप्रभाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले. "पाणी संपलं म्हटलं," ते म्हणाले. स्वतः कमलाकरराव दुसऱ्या वर्गातले. त्या वर्गाचे भूषणच म्हणा. घरात विंचू निघाला तर ते पाटावर चढून बायकोला हाक मारीत. पण कोयत्याचा घाव आणि कुऱ्हाडीचा घाव यांत फरक काय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. खऱ्या गुन्ह्यांची पुस्तके ते आणि शेजारचे विठ्ठलराव नागपूरहून भागीत मागवीत. विठ्ठलराव जिनिंगमध्ये कापसाच्या तोलाईवर होते, आणि भागीतल्या कुठल्याही गोष्टीत आपल्याला कमी मिळाले की काय, हा संशय त्यांच्या डोळ्यांत कायम असे. रिवाज असा होता, की पुस्तक आले की रविवारपर्यंत कमलाकररावांचे. रविवारी सकाळी ते मधल्या भिंतीवरून पलीकडे जाई.

या खेपेचे पुस्तक होते 'अकरा खरे खून'. लेखकाच्या नावाच्या जागी 'एक निवृत्त पोलीस अंमलदार' एवढेच छापले होते, आणि या अंमलदाराला उद्गारचिन्हांची टंचाई म्हणून कधी भासली नसावी. कमलाकरराव ओसरीवर चहा घेत आठवा खून वाचत होते. आठवा खून महागावकडच्या एका बंजारा तांड्यावरचा निघाला, म्हणून ते जरा सरसावून बसले. आपल्याच मुलुखातला खून म्हणजे आपल्या ओळखीचा मुलगा बोर्डात आल्यासारखे वाटते. डोंगरसिंग नावाचा धडधाकट माणूस सायंकाळी जेवला आणि सूर्योदयाच्या आत मेला. 'त्या काळरात्री आंबाडीच्या भाजीत मृत्यू शिजत होता!' बायको मानीबाई. पुराव्याअभावी सुटली. 'कायद्याच्या हातातून निसटलेली ही नागीण आज कोठे आहे, कोणाच्या दारी जाते, कोणास ठाऊक! तिला ओळखण्याची खूण एकच: डाव्या करंगळीला पहिले पेर नाही!' कमलाकररावांनी चहाचा घोट तोंडात घेतला, आणि त्याच वेळी उंबऱ्यावर ठेवलेल्या दुधाच्या पातेल्याच्या काठावर एक डावा हात आला. अंगठा आत, बोटे बाहेर, आणि शेवटच्या जागी एक आखूड, गोल, गुळगुळीत टोक. "बाई, दूध घ्या जी," मानीबाई म्हणाली.

नेहमीचाच आवाज. नेहमीचीच बाई. या तोंडातल्या चहात होते ते दूधही तिनेच काल संध्याकाळी घातलेले. कमलाकररावांचे गाल फुगलेले राहिले. थुंकावे तर ती समोर उभी, आणि थुंकलो तर हिला कळणार की मला कळले; गिळावे तर... पुस्तकातली माणसे अशा क्षणी काहीतरी ठरवतात. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमतात, नजर धारदार होते. कमलाकररावांच्या नाकातून थोडा चहा आला. मग त्यांनी गिळला. मानीबाईने त्यांच्याकडे पाहिले, डोक्यावरची दुसरी चरवी सावरली आणि म्हणाली, "सावकाश, बाबूजी." आणि गेली. ती गल्लीतून जाताना तिचे पैंजण वाजले नाहीत, कारण ती पैंजण घालत नसे. भिंगांची चोळीही तिने केव्हाच सोडलेली होती. इतकी वर्षे त्यांना या गोष्टीत काही दिसले नव्हते. आज दिसले. सगळ्यातच दिसू लागले. ती पातेले नेहमी डाव्या हातानेच का धरते? मोजून झाल्यावर वरची धार जास्तीची का घालते? लोभ नसलेल्या दूधवालीवर कोणी विश्वास ठेवावा?

दिवसभर त्यांच्या जिभेवर ती चव राहिली. चव कसलीच नव्हती, हेच भयंकर होते. नगरपालिकेत ते जन्ममृत्यूच्या नोंदीला होते. त्याच खुर्चीवर बसून त्यांनी राज्ये बदललेली पाहिली. कागदांच्या मथळ्यावरचे जुने राज्य खोडून नवे लिहायचे, ते खोडून आणखी नवे. पण त्या मथळ्याखाली माणसे मरायची ती त्याच त्या कारणांनी मरत. ताप. हगवण. खोकला. म्हातारपण. पुन्हा ताप. मेलेल्याचा भाऊ किंवा बाप समोर टोपी काढून उभा राही, आणि कमलाकरराव विचारीत, "कशानं गेले?" आणि तो म्हणे, "काय माहीत जी, ताप आलता." काय माहीत! हे 'काय माहीत' कागदावर लिहायची सोय नव्हती, म्हणून ते ताप लिहीत. या पुस्तकांत मात्र ताप कोणालाच येत नसे. तिथे प्रत्येक मरणाला करणारा होता. त्याला नाव होते, गाव होते, हेतू होता, पानाच्या तळाशी त्याचा पत्तासुद्धा. किती समाधानाची गोष्ट! मरण म्हणजे वाऱ्यावरून आलेली बला नव्हे. कोणीतरी ते केले, आणि ज्याने केले त्याला धरता येते, निदान त्याच्याविषयी वाचता येते. कमलाकरराव हे कोणाला सांगत नसत. श्रीकृष्ण गेला तेव्हा त्याच्या नावापुढे त्यांनीच ताप लिहिले होते. चार वर्षांचे, त्यांचे स्वतःचे पोर. अक्षर नेहमीपेक्षाही चांगले आले होते. त्यानंतर कित्येक दिवस दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या ते मनातल्या मनात शोधीत: कोणी केले? विहिरीचे पाणी? तो फकीर, ज्याने दारात बडीशेप दिली होती? डॉक्टर, जो उशिरा आला? मी, ज्याने उशिरा बोलावले? तपास कुठेच जात नसे. त्याच महिन्यात त्यांनी पहिले पुस्तक मागवले.

घरी आल्यावर त्यांनी रत्नप्रभाबाईंना सांगितले, पित्त झाले आहे, उद्यापासून मला चहा बिनदुधाचा. रत्नप्रभाबाई बरे म्हणाल्या. आणि मग समोर पाहतात तो रजनी, त्यांची मुलगी, काविळीतून नुकतीच उठलेली, गालांची हाडे अजून बाहेर, पितळी पेला दोन्ही हातांत धरून दूध पीत होती. डॉक्टरांनीच सांगितले होते: दूध, मनसोक्त. तिच्या वरच्या ओठावर सायीची मिशी आली होती. कमलाकरराव उभेच राहिले. तिच्या हातातून पेला घ्यायचा तर कारण सांगावे लागणार. कारण सांगितले की रत्नप्रभा, रत्नप्रभाकडून शेजार, शेजाराकडून गल्ली. मानीबाईची गल्लीतली सगळी गिऱ्हाइके जाणार. आणि तिने केले नसेल तर? आणि केले असेल तर? पेला वर गेला, तळ दिसला, रजनीने तोंड पुसले. "काय झालं बाबा?" "काही नाही. हळू पी." मग ते आत जाऊन बसले आणि त्यांना स्वतःचा हिशेब दिसला: पहिल्या दिवशी, पहिल्या संधीला, त्यांनी वाचवले ते स्वतःला. यावर पुस्तकी ज्ञान धावून आले. आजवर वाचलेल्या एकाही पुस्तकात नवऱ्याला मारणाऱ्या बाईने लहान मुलीला विष दिलेले नव्हते; अशा बायांची एक पद्धत ठरलेली असते, ती त्या सोडत नाहीत. म्हणजे धोका फक्त पुरुषांना. हा युक्तिवाद त्यांना इतका पटला, की पुढची काही मिनिटे ते जवळजवळ शांत होते. मग उठून त्यांनी रत्नप्रभाबाईंना सांगितले, दूध जरा जास्त उकळत जा. "किती जास्त?" "चांगलं जास्त." "का हो?" "साय बरी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुद्दाम दारात उभे राहिले. मांजराला आधी बशीभर दूध घातले होते. मांजर प्यायले, अंग ताणले आणि भिंतीवर जाऊन झोपले. ते मेले की झोपले हे पाहायला कमलाकरराव दोनदा स्टुलावर चढले, आणि दुसऱ्यांदा त्याने त्यांच्या हातावर बोचकारले. मानीबाई आली. थंडीने तिचे ओठ फुटले होते. तिच्या हनुवटीवरचे गोंदण त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिले; पुस्तकात गोंदणाचा उल्लेख नव्हता. "बाबूजी उभे आज?" ती म्हणाली. "असाच," ते म्हणाले, आणि मग तोंडातून निघून गेले, "मानीबाई, हे बोट कशानं गेलं गं?" तिने हात उलटा करून पाहिला, जणू आत्ताच कोणी सांगितले की बोट गेले आहे. "कडबा तोडताना. लहानी होती मी." "दुखलं असेल." "दुखलं न जी. मायनं मारलं बी वरतून. कडबा रक्तानं खराब झालता." ती हसली. त्या हसण्यात काय होते? अंमलदार असता तर त्याला सांगता आले असते. त्याला सगळ्याच हसण्यांतले कळे. कमलाकररावांना फक्त एवढे दिसले, की तिचा एक दात किडलेला आहे. त्यांच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्यात भीतीच्या खाली, अगदी तळाशी, दुसरेही काहीतरी होते, जे त्यांनी ओळखले आणि लगेच झाकले. ती मौज होती. आजवर त्यांनी शेकडो खून नुसते वाचले. हा पहिला, जो दारात येऊन माप घालत होता. त्यांच्या चहाला, म्हणजे त्या काळ्या पाण्याला, कित्येक वर्षांत एवढी चव नव्हती. कचेरीत बसल्या बसल्या ते मनातल्या मनात तिला 'माझी खुनी बाई' म्हणू लागले होते. आणि रविवारी ही बाई, अख्खी, त्या पेरासकट, भिंतीवरून विठ्ठलरावांकडे जायची होती.

शुक्रवारी कचेरीतून लवकर येऊन त्यांनी आठवा खून पुन्हा उघडला. यावेळी शिकाऱ्याच्या उत्साहाने नव्हे, पुढच्या वाक्यात काय दडले असेल या धास्तीने. आणि ज्या परिच्छेदावरून पहिल्यांदा ते भरकन गेले होते तिथे ते अडकले. 'प्रेतापाशी ती रडली. पण ते रडणे होते काय? छे! गाणे म्हणावे तशी ती चालीवर रडत होती! भेटायला आलेल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून तेच गाणे! आणि आम्ही "बस" म्हणताच नळ बंद करावा तशी थांबली, डोळे पुसले, आणि दिराला शांतपणे विचारले: म्हशीला पाणी पाजले काय? त्याच क्षणी माझी खात्री पटली!' कमलाकररावांच्या हातातले पुस्तक खाली आले. कारण हे रडणे त्यांनी ऐकले होते. या ओसरीवर. श्रीकृष्ण गेल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी. रत्नप्रभा तोवर एक टिपूस रडली नव्हती. भिंतीला टेकून बसे, लोक येत, हळू आवाजात देवाची इच्छा वगैरे बोलत आणि आपापले जोडे शोधत. मानीबाई दूध घेऊन आली, कोणीतरी तिला सांगितले, आणि तिने चरवी खाली ठेवली, सरळ आत शिरली, ब्राह्मणाच्या घरात, ओसरी ओलांडून, आणि रत्नप्रभेच्या गळ्यात पडून गायला लागली. गाणेच ते. तिच्या गोर बोलीत, एका लांब चालीवर, शेवटाला स्वर थरथरत खाली उतरणारा, पुन्हा वर चढणारा. शब्दांतला 'बेटा' तेवढा कळत होता, आणि पोराचे नाव. कमलाकररावांना लाज वाटली होती. शेजारी काय म्हणतील असे वाटले होते. विठ्ठलराव भिंतीवरून डोकावलेही होते. आणि त्या चालीत कुठेतरी, एका उतरत्या स्वरापाशी, रत्नप्रभा फुटली. आतून काहीतरी मोडावे तशी. दोघी बायका एकमेकींना धरून डोलत राहिल्या, एक गात, एक नुसतीच ओरडत. मग मानीबाई थांबली. नळ बंद करावा तशी. पदराने आधी रत्नप्रभेचे तोंड पुसले, मग स्वतःचे, आणि म्हणाली, "बाई, पातेलं द्या, दूध नासते."

तांड्यावर असेच रडतात. मरणाला तसेच, माहेरचे माणूस खूप दिवसांनी भेटले तरी तसेच. गळ्यात पडायचे, चालीवर रडायचे, रडून झाले की झाले, मग गुरांचे पाहायचे. हे पुसदच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, आणि ज्या अंमलदाराला प्रेताच्या स्वप्नात काय आले तेही कळे, त्याला ठाऊक नव्हते. कमलाकरराव पुस्तक चाळत मागे गेले. पहिला खून: चंद्र ढगाआड. दुसरा: चंद्र ढगाआड. पाचवा भर दुपारचा होता, तर तिथे सूर्य ढगाआड. तिसऱ्यातला आरोपी 'निर्विकारपणे पान खात होता'. चौथ्यातला पान खात नव्हता, तर 'त्याचा घसा पापाने कोरडा पडला होता'. हे सगळे आधीही असेच होते. त्यांनीच ते मिटक्या मारीत वाचले होते. त्यांना एकाएकी थकल्यासारखे वाटले. या सगळ्या पुस्तकांत एक तरी माणूस खरा मेला होता काय? म्हणजे आपल्या घरात मरतात तसा, शेजारी बसलेल्यांना काही न कळता? पण हा थकवा फार वेळ टिकला नाही, कारण आतून दुसरा आवाज आला, थंड आणि कारकुनी: रडणे खरे ठरले म्हणून खून खोटा ठरत नाही. डोंगरसिंग तर मेलाच होता. धडधाकट माणूस, सायंकाळी जेवलेला. मनापासून रडणारी बाईही... आणि रजनीचा पेला आत घासूनपुसून उपडा ठेवलेला होता, संध्याकाळच्या दुधाची वाट पाहत.

रविवारी सकाळी त्यांनी दाढीच्या पात्याने आठवा खून कापला. हे काम त्यांनी आतल्या खोलीत, दाराला पाठ लावून केले. पाने शिवणीलगत कापली, पाते पुसले, पुसलेला चिंधीचा तुकडा चुलीत टाकला. आणि चुलीशी वाकले असताना त्यांच्या लक्षात आले, की हे सगळे त्यांनी पुस्तकातूनच उचलले आहे. पाने कुठे ठेवायची? रत्नप्रभेचा हात घरात सगळीकडे फिरे. फक्त एका जागी ती हात लावत नसे: श्रीकृष्णाचा एकुलता एक फोटो, भिंतीवर, पुण्यतिथीलाच खाली उतरणारा. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्याखाली त्यांनी पाने सारली. पोर काचेतून पाहत होते, नवा सदरा, फोटोवाल्याने हातात दिलेले लाकडी घोड्याचे डोके. कमलाकररावांनी चौकट सरळ केली. ती तिरपी राहिली.

"काहून हो कमलाकरराव!" मंगळवारी संध्याकाळी भिंतीवरून विठ्ठलरावांचे डोके वर आले. "हे पुस्तक फसवं आहे. अकरा म्हणते अन् दहाच भरते."

"म्हणजे?"

"मोजून पाह्यले मी. सातवा संपला का नववा चालू. मधातला आठवा गायब. पैसे अकरायचे घेतले न त्यानं? नागपूरले पत्र टाकून राह्यलो मी आज: आमचा एक खून बाकी आहे, उलट टपाली पाठवा."

कमलाकरराव भिंतीपाशी सरकले. "बांधणीत राहून गेला असेल. जाऊ द्या. दहा काही कमी नाहीत."

"कसे जाऊ द्या? आज एक सोडला, उद्या पाच सोडन थो." विठ्ठलरावांनी पुस्तक भिंतीवर उघडून ठेवले, चष्मा वर केला आणि शिवणीत नाक घातले. "अन् हे पाहा. फाटलं नाही, कापलं आहे. पात्यानं. साफ हात आहे माणसाचा." मग त्यांनी मान वर केली आणि कमलाकररावांच्या हनुवटीकडे, जिथे सकाळी पाते लागले होते, बराच वेळ पाहिले. "तुमच्याकडे कोणी येते-जाते काय हो, ज्याले हे वाचू द्यायचं नाही?" कमलाकरराव म्हणाले, उंदीर फार झाले आहेत. विठ्ठलराव म्हणाले, उंदीर आकड्यानुसार कुरतडत नाहीत. त्या आठवड्यात विठ्ठलरावांनी हा तपास गल्लीभर नेला. जो भेटेल त्याला ते आठव्या खुनाविषयी विचारत. पानवाल्याला, न्हाव्याला, दारात येणाऱ्याजाणाऱ्याला. कमलाकरराव ऐकत. रोज टपालवाल्याच्या सायकलची घंटा झाली की ते विठ्ठलरावांच्या दाराकडे पाहत. नागपूरहून ती पाने येणार, विठ्ठलराव वाचणार, करंगळीपाशी थांबणार. मग गल्लीतली एकेक दारे बंद होतील, आवाज न करता, 'आजपासून नको गं' म्हणून. आणि रोज संध्याकाळी रजनी पेला वर करी, आणि तिच्या गळ्यातली ती हालचाल, एक, पुन्हा एक, ते मोजत नसत, पण पाहत.

संक्रांतीनंतरच्या सुटीच्या दिवशी दुपारी रत्नप्रभाबाई रजनीला घेऊन हळदीकुंकवाला गेल्या होत्या. कमलाकरराव ओसरीवर एकटेच होते. मानीबाई आली. ही तिची वेळ नव्हे. डोक्यावर चरवी नव्हती. दोन्ही हात मोकळे होते, आणि ते मोकळे हात पाहून त्यांचा घसा, पापाने म्हणा किंवा कशाने, कोरडा पडला. ती ओट्यावर बसली, पदर सारखा केला.

"बाई नाहीत घरी," ते म्हणाले.

"माहीत हाय जी. म्हून त आली." तिने एकदा रस्त्याकडे पाहिले. "बाबूजी, तुमच्यापाशी थे पुस्तक हाय म्हनते."

"कोणतं?"

"खुनाचं. ज्यात मी हावो."

बाहेरून कापसाची गाडी गेली. तिचे चाक दूरपर्यंत कुरकुरत राहिले.

"इठ्ठलबाबू मलेच इचारे," ती म्हणाली. "मानीबाई, एक खून कमी हाय, पाह्यला काय कुठं? मी म्हटलं, कितवा जी? म्हने, आठवा. मंग मी समजली, तुमीच काढला असन; बोटाचं इचारलं होतं न तुमी. आमच्या तांड्यात मास्तरनं आनलं हाय थे पुस्तक. दोन डाव वाचून दाखवलं साऱ्यायले, मोठ्यानं."

"साऱ्यांना?"

"हो जी. हासले लोकं. रडन्याचं आलं तवा त लय हासले." तिने त्यांच्याकडे पाहिले. "बाई सांगे, तुमी दूध सोडलं."

"पित्त..." ते म्हणाले.

"पोरगी त पेते."

ते उठले, आत गेले, स्टुलावर चढले आणि फोटो उतरवला. मानीबाई उंबऱ्यापर्यंत आली होती. त्यांनी पुठ्ठ्याखालून पाने काढली तशी ती पुढे आली, काचेवरची धूळ पदराने पुसली, पोराच्या तोंडावरची आधी, मग घोड्याची. आणि फोटो भिंतीला टेकवून ठेवला. मग पानांची कापलेली कड बोटाने चाचपली. "चांगलं पुस्तक खराब केलं," ती म्हणाली. "म्हशीचं कुठं लिवलं हाय?"

त्यांनी ओळ दाखवली. तिने त्या ओळीवर आपले आखूड बोट ठेवले. ते बरोबर 'खात्री' या शब्दावर बसले. "हे?"

"हो."

"हे खोटं हाय."

आता. इतके दिवस ज्या वाक्याची वाट पाहिली ते आता येणार होते, आणि ते ऐकले की मग रजनीचा पेला नुसता पेला होणार होता. "आणि बाकीचं?" त्यांनी विचारले.

"बाकीचं काय?"

"बाकीचं... लिहिलेलं."

"बाकीचं कोर्टानं पाह्यलं न जी. पाहून सोडलं मले." ती त्यांना समजावून सांगत होती, न कळणाऱ्याला सांगावे तसे. "म्हशीचं कोर्टानं कुठं पाह्यलं? माहा दीर हाय, उत्तमसिंग. महागावकडून आलता थो, मास्तरचं वाचनं आयकलं अन् धरून बसला. म्हने, भाऊ मेला तवा म्हैस होती, फौजदारानं छापलं हाय. म्हंजे आताच्या दोनी म्हशी तिच्याच पोटच्या. भावाच्या. त आनून बांध माह्या दारी. पंचायत बसवून राह्यला थो. तांड्याचा नायकही म्हनते, छापलेलं कसं खोटं म्हनाव, मानी? म्हशी त मी इकडे माहेरी आल्यावर घेतल्या, याच गल्लीच्या दुधावर. थ्या गेल्या त म्या काय इकाव? तुमच्या पोरीले दूध कोन घालन?"

खरोखरीचा प्रश्न त्यांच्या तोंडात होता. दोन शब्दांचा. तू केलंस? गाल जरासे फुगलेही. ती समोर उभी होती, फुटलेल्या ओठांची, किडलेल्या दाताची, ज्या दोन हातांनी रत्नप्रभेला धरले होते ते दोन हात पोटावर बांधून. आणि तिच्या चेहऱ्यावर त्यांना काहीसुद्धा वाचता येत नव्हते. हे असे त्यांच्या बाबतीत कचेरीत रोज होत असे, टोपी काढून उभ्या राहिलेल्या माणसांसमोर. त्यांनी तो प्रश्न गिळला. याही वेळी चव कसलीच नव्हती. मग कपाटातून एक पोस्टकार्ड काढले, ओसरीवर मांडी घालून बसले, दौत उघडली आणि सुंदर अक्षरात वर तारीख घातली. "काय लिहू?" ते म्हणाले. "सगळंच कळवतो नागपूरच्या पुस्तकवाल्यांना. ते रडणं तुमच्यात तसंच असतं, त्यावरून काही ठरत नाही, मी स्वतः पाहिलं आहे..."

"नको जी. कारडात मावनार नाई." मानीबाई ओट्यावर टेकली आणि त्यांच्या लेखणीकडे लक्ष देऊन पाहू लागली. "खुनाचं त्यानं जसं लिवलं तसं राहू द्या. फक्त म्हैस काढा म्हना, अन् तिथं गाय लिवा. तांबडी. अन् भाकड होती, तेवढं लिवा, बाबूजी."